पीक घरी आलं, आता जागल सोड

"ताई, माझा स्वभावच वाईट आहे," असं तू म्हणतेस. नवऱ्याला यायला अर्धा तास उशीर झाला, फोन लागला नाही, की तुझे हातपाय गार पडतात. तो सुखरूप दारात उभा राहिला तर बरं वाटायचं सोडून तू त्याच्यावर तुटून पडतेस, आणि मग रात्रभर स्वतःलाच बोल लावत बसतेस. सासरी कुणी भांडं जरा आदळून ठेवलं तरी 'माझं काय चुकलं' हे शोधायला तुझं मन धावतं. कुणी मायेनं पाठीवरून हात फिरवला, तर डोळे भरून यायच्या आत तू उठून कामाला लागतेस. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं, साधी एक साडी का असेना, तर तोंडातून शब्द निघत नाही.

बस माझ्याजवळ. आज मला कुठं जायचं नाही आणि तुलाही घाई नको. ज्याला तू तुझा स्वभाव म्हणतेस ना, ते एका लहान मुलीनं अवघड दिवसांत तगून राहण्यासाठी शिकलेलं शहाणपण आहे. त्या वेळी ते अगदी बरोबर होतं, त्यानं तुला सांभाळलं. पुढं घर बदललं, माणसं बदलली, पण तुझ्या शरीरापर्यंत ती खबर अजून पोचलेली नाही. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते तुझ्या मनात उतरायचं तर थोडं मागं जावं लागेल.

आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. त्या वर्षी जन्मलेली तू, 2006 मध्ये आठ वर्षांची होतीस. ते वर्ष आपल्याकडे कोण विसरेल? विदर्भातल्या कास्तकारांच्या आत्महत्यांचा विषय दिल्लीपर्यंत गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः इकडे आले, आणि जुलैत सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा आणि आपलं वाशीम. कर्जावरचं व्याज, सिंचन, बियाणं, जोडधंदा, सगळ्याचा विचार त्यात होता. त्या घरांत मागं राहिलेल्या आठ वर्षांच्या लेकराच्या मनात काय चाललंय, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही.

ज्या घरचा कर्ता माणूस गेला त्या घराला सरकारची 1 लाखाची मदत मिळे, 30 हजार हातात आणि 70 हजार खात्यात ठेव म्हणून. पण आधी प्रकरण 'पात्र' ठरायला हवं. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज कोणत्या बँकेचं? वसुलीचा तगादा होता का? चौकशीला माणसं आली की आई पदर ओढून भिंतीशी बसायची आणि लेकरू दाराच्या चौकटीला धरून सगळं ऐकायचं. बापासाठी रडायच्या वयात त्याच्या कानावर पडलं ते हे, की बाप कशानं गेला हे बाहेरची माणसं ठरवणार. जिथं प्रकरण 'अपात्र' ठरलं, तिथं पैसा तर आला नाहीच, वर गावात कुजबुज सुरू झाली. पीत होता म्हणे. घरात भांडण होतं म्हणे. शाळेत शेजारी बसणारी पोरंही तेच विचारायला लागली.

तुझे बाबाही असेच गेले आणि तुझ्या घरी हे सगळं झालं. आणि तू मला जे एकदाच, फार हळू आवाजात सांगितलंस, तेही मी विसरलेली नाही. आदल्या दिवशी तू कंपासपेटीसाठी हट्ट धरला होतास. बाबा काही न बोलता उठून गेले होते. इतकी वर्षं तू तो हट्ट मनात घेऊन फिरते आहेस.

बाळा, ऐक. सात-आठ वर्षांच्या लेकराला आजूबाजूला जे घडतं ते आपल्यामुळंच घडलं असं वाटतं. आई-बाप भांडले, तर माझ्यामुळं. बाप गेला, तर माझ्यामुळं. त्या वयाची समजच तशी असते. त्यात लेकराचा एक हिशेबही असतो. चूक माझी असेल तर मी चांगली वागून पुढचं संकट टाळू शकेन. चूक कुणाचीच नसेल, तर मग उद्या आईलाही काही होईल आणि मी काहीच करू शकणार नाही. ही दुसरी भीती इतकी मोठी असते की लेकरू अपराध पत्करतं. तू तोच पत्करलास. एका कास्तकाराच्या डोक्यावर नापिकी, कर्ज, पडलेले भाव आणि आतून पोखरणारी निराशा असते. त्या ओझ्यात कंपासपेटीचं वजन शून्य.

तेरवी झाली, पाहुणे गेले. जाता जाता सगळ्यांनी तुझ्या भावाला सांगितलं, "आता तूच घरचा कर्ता पुरुष, रडायचं नाही." तो अकरा वर्षांचा होता. तुला सांगितलं, "आईला त्रास देऊ नको." तुम्ही दोघांनीही ऐकलं. पुढं जे काही झालं ते सगळं त्या ऐकण्यातून आलं.

मनावरचे आघात अनेक तऱ्हेचे असतात, हेही सांगून ठेवते. तुझ्याच वयाच्या कितीतरी मुली अशा घरात वाढल्या, जिथं बाप जिवंत होता पण संध्याकाळ झाली की त्याच्या पावलांच्या आवाजावरून आज मार पडणार की नाही हे ओळखावं लागायचं. काहींचे आई-बाप कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेले आणि लेकरं आजीपाशी राहिली. काहींना घरातल्याच कुणी नको तिथं हात लावला आणि 'कुणाला सांगशील तर बघ' म्हणून धमकावलं. काहींना कुणी बोटही लावलं नाही, पण 'पुन्हा पोरगीच झाली' हे वाक्य त्या जन्मभर ऐकत आल्या. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2007 मध्ये 13 राज्यांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रही त्यात होता आणि 12,447 मुलांना त्यात विचारलं होतं. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसला होता, आणि त्यात मुलगेही होते. म्हणजे आपल्या कुठल्याही गल्लीत, कुठल्याही वर्गात ही लेकरं होती आणि आहेत.

त्याचं मोठेपणी काय होतं? तुझा जन्म झाला त्याच वर्षी, 1998 मध्ये, अमेरिकेतल्या विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी एका अभ्यासाचे निष्कर्ष मांडायला सुरुवात केली. सगळे मिळून 17 हजारांहून जास्त मोठ्या माणसांना त्यांनी लहानपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, छळ, दुर्लक्ष, घरातली दारू, आईला झालेली मारझोड, घरातल्या कुणाचा मानसिक आजार, आई-वडिलांची ताटातूट, असे प्रश्न होते. जवळजवळ दोन तृतीयांश माणसांनी यातलं एक तरी सोसलेलं निघालं. आणि अशा गोष्टींची संख्या जितकी वाढत गेली, तितकं मोठेपणीचं नैराश्य, व्यसन, जीव द्यायचे विचार, इतकंच काय पण हृदयाचे आजारही वाढत गेले. मनाला लागलेलं शरीरात उतरतं, हे आपल्या आज्या सांगत आल्या होत्या. त्या अभ्यासानं ते आकड्यांत दाखवलं.

हे होतं कसं, ते सांगते. धोका दिसला की मेंदूतला अमिग्डला नावाचा लहानसा भाग सगळ्या शरीराला इशारा देतो. अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही रसायनं रक्तात उतरतात. छाती धडधडते, श्वास वर चढतो, पोट आवळतं, हातपाय पळायला नाहीतर झुंजायला तयार होतात. धोका टळला की सगळं हळूहळू खाली बसतं. मोठा माणूस पळू शकतो. लेकरू कुठं पळणार? ज्या घराची भीती, त्याच घरात जेवायचं आणि त्याच घरात निजायचं. मग ते गोठून जातं, तोंड मिटून घेतं, नाहीतर समोरच्याचा चेहरा वाचून त्याला खूश ठेवायला शिकतं. असं महिनोन्महिने चाललं की तो इशारा बंदच होत नाही. 'अगं, हे तर नुसतं दार आपटलं' असं समजावणारा मेंदूचा जो कपाळामागचा भाग आहे, तो पूर्ण वाढायलाच वयाची पंचविशी उजाडते. आठ वर्षांच्या मुलीकडे तो आवर कुठून येणार?

तूर फुलावर आली, हरभरा घाट्यावर आला की कास्तकार वावरात जागल करतो, हे तुला ठाऊकच आहे. रोही येतात, रानडुकरं येतात. जरा डोळा लागला तर एका रात्रीत पीक जातं. म्हणून मचाणावरच्या माणसाला पानाची सळसळसुद्धा ऐकू येते, आणि तशी ती यायलाच हवी. पण समज, पीक निघालं, पोती घरात लागली, आणि तरीही तो माणूस रोज रात्री त्या मोकळ्या वावरात जाऊन जागत बसला, तर? त्याला वेडा म्हणायचं नाही. जवळ जाऊन सांगायचं, बाबा, पीक घरी आलं. पोरी, तुझं मन इतकी वर्षं तसंच मचाणावर बसून आहे.

म्हणून तर दरवर्षी पोळ्याच्या सुमारास तुझं पोट दुखतं, घास उतरत नाही. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात आणि तुला घराबाहेर पडावंसं वाटत नाही. तुझे बाबा त्याच आठवड्यात गेले. तारीख तुझ्या ध्यानात नसली, तरी शरीराला ते दिवस बरोबर आठवतात.

आता नवऱ्याकडे येऊ. तुझी मुख्य तक्रार तिथंच आहे. तो उशिरा आला तर तू चिडतेस. चिडण्याच्या आधी एक क्षण असतो, तो तू नीट पाहिलेला नाहीस. त्या क्षणी तू आठ वर्षांची असतेस, कुणीतरी घरातून गेलेलं असतं आणि परत येणार नसतं. ती भीती इतकी भयंकर असते की राग तिच्यावर पांघरूण घालतो. नवऱ्याला दिसतो तो राग. भीती त्याला दिसतच नाही, मग तो तरी काय करेल? तो गप्प होतो. त्याचं गप्प बसणं तुला बाबांच्या त्या संध्याकाळच्या गप्प उठून जाण्यासारखं वाटतं, आणि भीती आणखी वाढते.

तुझ्या भावाचं याच्या उलट आहे. वहिनी म्हणते, ह्यांना काही वाटतच नाही. आई आजारी पडली तर पैसे पाठवतात, पण जवळ बसत नाहीत. मेरी एन्सवर्थ नावाच्या संशोधक बाईंनी वर्षा-सव्वा वर्षाच्या लेकरांना पाहून एक गोष्ट टिपली. आई खोलीतून थोडा वेळ बाहेर गेली आणि परत आली, की बहुतेक लेकरं रडून तिच्याकडे धावतात आणि शांत होतात. काही तिला बिलगतातही आणि तिच्यावर हातही उगारतात. काही मात्र तिच्याकडे पाहतच नाहीत, खेळण्यात दंग असल्यासारखी राहतात. पुढं संशोधकांनी अशा लेकरांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा या न पाहणाऱ्या लेकरांची छातीही धडधडतच होती. भावाकडे पाहताना हे ध्यानात ठेव. 'रडायचं नाही' हे त्यानं इतकं मनापासून ऐकलं की आता त्याला रडणंच सापडत नाही. पुरुषांचं दुःख आपल्याकडे रागातून नाहीतर दारूच्या वाटेनं बाहेर पडतं. तो अजून त्या वाटेला गेलेला नाही. त्याला एकटं सोडू नकोस.

आणखी एक गोष्ट, जी तू चांगुलपणा म्हणून मिरवतेस. सगळ्यांचं तू करतेस. सासूबाईंच्या गोळ्या, नणंदेचं बाळंतपण, शेजारणीचं दुखणंखुपणं. पण तुला ताप आला तर कुणी पाणी दिलेलं तुला सहन होत नाही. आठव्या वर्षी तू चुलीपुढं बसलीस, कारण आई निंदणाला जायची. तेव्हाच तुला वाटायला लागलं की मी उपयोगाची आहे तोवरच मला या घरात जागा आहे. दुसऱ्यासाठी करणं चांगलंच आहे गं, पण जागा टिकवण्यासाठी केलेलं काम माणसाला आतून सुकवतं. कधीतरी बसून घे. कुणी चहा आणला तर उठू नकोस. तो तुझ्यासाठी आणलेला आहे, सगळा पी.

हे ऐकून असं समजू नकोस की लहानपणी मोडलं ते कायमचं मोडलं. हवाई बेटांमधल्या कवाई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा माग एमी वर्नर या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पुढं कित्येक दशकं ठेवला. ज्यांच्या घरी गरिबी, भांडणं, व्यसन, आजारपण होतं, अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं मोठेपणी नीट, मायाळू, जबाबदार माणसं झाली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्यांना एक तरी मोठं माणूस असं लाभलं होतं, जे त्यांच्यावर भरवसा ठेवून टिकून राहिलं. कुणाला आजी, कुणाला मावशी, कुणाला शाळेतल्या बाई. त्याहून मला धीर देणारी गोष्ट पुढची आहे. जी मुलं विशीच्या आत बिघडली होती, त्यांच्यातलीही पुष्कळ तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. चांगला जोडीदार, पुन्हा घेतलेलं शिक्षण, जिवाभावाची माणसं यांनी त्यांना हात दिला. तू अजून तिशीतही नाहीस.

तर आता काय करायचं ते सांगते.

भीतीची लाट आली की आधी ती कुठल्या वर्षाची आहे ते ओळखायचं. तळपाय जमिनीवर टेकव. फरशीचा गारवा जाणव. खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची नावं मनात घे, कॅलेंडरवरची तारीख वाच. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. आणि स्वतःला सांग, मी मोठी आहे, हे माझं घर आहे, त्याला उशीर झालाय इतकंच. पहिल्यांदा काही फरक पडणार नाही. रोज केलंस तर शरीर हळूहळू विश्वास ठेवायला लागेल.

नवऱ्याला भांडणाच्या वेळी काही समजावू नकोस. एखाद्या निवांत संध्याकाळी, दोघंच असताना, साध्या शब्दांत सांग. "तुम्हाला उशीर झाला आणि फोन लागला नाही की मला बाबा आठवतात. मी चिडते तेव्हा खरं तर घाबरलेली असते. तुम्ही गप्प झालात की जास्त घाबरते. उशीर होणार असेल तर एक फोन करा, आणि मी चिडलेली दिसले तर 'मी आलोय' एवढंच म्हणा." नवरा चांगला आहे तुझा. त्याला तुझ्या रागाचं कारण कधी कळलंच नाही, ते कळायला हवं. मात्र ज्या मुलीचा नवरा आज मारतो, धमकावतो, तिला मी हे सांगणार नाही. तिची भीती जुनी नाही, आजची आणि खरी आहे. तिनं आधी सुरक्षित जागी जावं, 181 किंवा 112 ला फोन करावा. मनाचं पुढं पाहता येईल.

तुझ्या लेकरावर तुझा हात उगारला जातो म्हणून तू रडतेस. सगळ्याच आयांचा कधी ना कधी तोल जातो. लेकराला सावरतं ते त्यानंतरचं वागणं. तुझं डोकं शांत झालं की त्याला मांडीवर घे आणि सांग, "मी ओरडले, ते चुकलं. तुझ्यामुळं नाही, मी दमले होते." हे शब्द तुला कधी मिळाले नाहीत, म्हणून जड जातील. तरी म्हण. आणि आजोबा कसे गेले असं त्यानं विचारलं तर खोटं सांगू नकोस. त्याच्या वयाला पेलेल इतकं सांग की आजोबांचं मन फार आजारी होतं, तेव्हा मदत मागता येते हे त्यांना माहीत नव्हतं, आपल्याला आहे.

आता आईचं. हे सगळ्यात अवघड. तुला तिचा राग येतो आणि राग आल्याची लाज वाटते. तुझे बाबा गेले तेव्हा ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. दिवसभर निंदण, हंगामात कपाशीची वेचणी, संध्याकाळी दारात उधारी मागणारा माणूस. रडायला तिला ना वेळ होता ना जागा, आणि तिचा ताण तुझ्या पाठीवर उतरला. ती असहाय होती हे खरं, आणि तुला लागलं हेही खरं. एकीचं दुःख मान्य केलं म्हणून दुसरीचं खोटं ठरत नाही. क्षमा करायचीच असं कुणी तुझ्यावर लादू नये. ती आली तर तिच्या वेळेनं येईल. पण आईला एकदा एवढं तरी विचार, "तेव्हा तुला कसं वाटलं होतं गं?" तिलाही आजवर हे कुणी विचारलेलं नसेल.

बाबांवरही रागाव. गेलेल्या माणसावर रागावू नये असं आपण मानतो, पण सोडून गेल्याचा राग मनात असतोच. तो माया कमी असल्याची खूण नव्हे. आणि त्यांची लाज बाळगू नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंही हे मानलं आहे की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र तणावाखाली असतो असं धरून चालायचं, आणि त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळायला हवेत. तुझे बाबा गुन्हेगार नव्हते, घराला जड झालेले नव्हते. त्यांना वेळेवर मदत मिळाली नाही.

तुला मात्र ती मिळू शकते, म्हणून ती घे. झोप उडत असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येत असतील, जगणं नको वाटत असेल, तर बहिणीशी बोलणं पुरणार नाही, तिथं जाणतं माणूस हवं. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे, केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेला. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लावला तरी चालतो, मराठीत बोलता येतं. राज्य सरकारनं 2015 मध्ये कास्तकारांच्या समुपदेशनासाठी 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात वाशीम आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करायला लाजू नकोस. आघातातून आलेल्या त्रासासाठी खास उपचारपद्धती आहेत. विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी आघात-केंद्रित सीबीटी, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणींची धार कमी करणारी ईएमडीआर, या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्ये केली आहे. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सगळं सांगायला हवं असं नाही. तुझ्या चालीनं चाल. एखादा पटला नाही तर दुसऱ्याकडे जा. आणि त्याआधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन कमी असलं, थायरॉइड बिघडलं, तरी जीव घाबरतो आणि चिडचिड होते. प्रत्येक दुखण्याचं मूळ लहानपणातच असतं असं मानू नये.

बरं होताना सरळ रेषेत होत नाही. चार महिने बरे जातील आणि पोळा आला की पुन्हा पोट दुखेल. तेव्हा 'सगळं वाया गेलं' म्हणू नकोस. आधी आठवडा जात होता, आता दोन दिवसांत सावरलीस, हे मोज.

शेवटचं एक काम तुझ्यावर सोपवते, कारण ते तुझ्याइतकं नीट कुणी करू शकणार नाही. अशी घरं आपल्या भागात आजही आहेत. एखादा कास्तकार जातो, तेरवी होते, पाहुणे पांगतात, आणि दाराची चौकट धरून एक लेकरू उभं असतं. माहेरी आलीस की अशा घरी जा. आईपाशी बसायला बायका असतात, तू त्या लेकरापाशी बस. शाळेचं विचार, त्याच्यासोबत जेव, पुढच्या खेपेला पुन्हा जा. त्या लेकराच्या वाट्याला एक टिकून राहणारं मोठं माणूस यायला हवं, ते तू हो. 'शहाण्यासारखं राहा' असं त्याला सांगू नकोस, ते सांगायला सगळं गाव आहे. तू त्याला एवढंच सांग की यात तुझी काही चूक नाही, आणि रडू आलं तर रड, मी इथंच बसलेय.